दोन दारांवरचा मापाडी

पारोळ्याच्या मार्केट यार्डात कापसाचे मापाडी डझनभर असतील, पण डोळे मिटूनही ओळखावा असा आवाज एकट्या झुलालचा. पहिलं वजन उतरलं की तो ‘एक’ म्हणत नसे. मापाड्यांच्या रिवाजाप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणे, “लाभ!” आणि मग दोन, तीन, चार, असं शंभरापर्यंत एका दमात चढत जाई. मधे कुणी तंबाखू मागितली तरी मोजणी तुटत नसे. हात पुढे करून तो चिमूट देई आणि पुढचा आकडा म्हणे.

तेवीस वर्षं त्यानं हेच काम केलं. शिक्षण तिसरीपर्यंत, पण मापाबद्दल त्याची काही मतं होती आणि ती तो भाकरीच्या घासागणिक बायकोला, कमलबाईला, ऐकवत असे. त्यातलं एक तिला पाठच होतं. कुठल्याशा जिनिंगचा मालक एकदा त्याला म्हणाला होता, “गोदामातली गंजी कालच्याएवढीच आहे, म्हणजे काल मालाची हालचाल झालीच नाही.” झुलाल हसला होता. “शेठ, पुढच्या दारानं चाळीस क्विंटल आत आलं आणि मागच्या दारानं चाळीस बाहेर गेलं, तरी गंजी तेवढीच दिसते. गंजीकडे बघून काय कळणार? दोन्ही दारांवर एकेक माणूस बसवा. आलेलं वेगळं मोजा, गेलेलं वेगळं मोजा.” आणि मग मागच्या दारावर तो स्वतः जाऊन बसला होता.

कमलबाई या गोष्टीला “हं” म्हणून तव्यावरची भाकरी उलटत असे. ही गोष्ट एक दिवस आपल्याच घरात येऊन बसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एक्क्याण्णव साली संक्रांतीनंतर झुलालचे पाय सुजू लागले. आधी वहाणा घट्ट झाल्या, मग चेहरा फुगला, मग जिना चढताना धाप. धुळ्याच्या डॉक्टर निर्मलकुमारांनी रक्त तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. रक्त धुणारं यंत्र मुंबईला आहे, पण तिथल्या यादीत नाव लागायलाच वर्ष जाईल. धुळ्यात पोटावाटे धुता येतं. पोटात नळी घालायची, बाटल्यांतलं साखरेचं पाणी आत सोडायचं, अर्ध्या तासानं काढून घ्यायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून अंगातलं विष आणि जास्तीचं पाणी त्याच्याबरोबर बाहेर येतं. दर शनिवारी दाखल व्हायचं, सोमवारी घरी जायचं.

“आणि घरी?” कमलबाईनं विचारलं.

“घरी दिवसाला तीन पेले पाणी. त्यावर एक घोटही नको. मीठ नको. डाळ, केळी, शहाळं बंद. आत गेलेलं पाणी आणि बाहेर आलेली लघवी वहीत लिहायची. रोज सकाळी वजन.”

वजन करायला लांब जायची गरजच नव्हती. घराशेजारी चंपालाल शेठचं धान्याचं दुकान. ओट्यावर लोखंडी फळीचा मोठा काटा, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. रोज सकाळी झुलाल अनवाणी त्या फळीवर उभा राही, आणि दांडीवरचं वजन स्वतःच्या बोटानं सरकवत, जिभेनं ‘च्’ करून सांगे, “छप्पन आठशे.” कमलबाई लिहून घेई. चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या अक्षरांना काने-मात्रे जड जात, पण आकडे सुरेख येत. पाण्याचा पेलासुद्धा तिनं ठरवून ठेवला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या कोनाड्यात पालथा. दुसरा कुठलाही पेला त्याच्या ओठाला लागू द्यायचा नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बरं चाललं होतं. एप्रिल लागला आणि वजन चढू लागलं.

शनिवारी धुळ्याला जाताना आधी दोन किलो वाढलेलं असायचं. ते तीन झालं, मग साडेचार. दोन दिवस पोट धुऊनही सगळं उतरेना. मेच्या पहिल्या आठवड्यात झुलालला आडवं झोपवेना. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून तो बसून राही, आणि त्याच्या श्वासाबरोबर आतून पाणी हलल्यासारखा आवाज येई. कमलबाई चुलीपाशी असली तरी तिचे कान तिकडेच असत. आवाज क्षणभर थांबला की तिचा हातही थांबे.

डॉक्टर निर्मलकुमारांनी त्या शनिवारी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

“वहीप्रमाणे एवढं पाणी साचायलाच नको,” ते म्हणाले. “दोनच शक्यता आहेत. एक तर पोटाचा पडदा कामातून गेला, पाणी बाहेर येत नाही. नाहीतर आतच जास्त जातंय. वजनाचा काटा दोन्हींची वजाबाकी करून एकच आकडा सांगतो. मला त्या एका आकड्याचा उपयोग नाही.”

खाटेवरून धापेच्या मधून झुलाल त्याच्या अहिराणीत म्हणाला, “दोन दारं शेतस, डॉक्टरसाहेब. दोन्हीवर माणूस बसाडा.”

डॉक्टर थबकले. मग पहिल्यांदाच हसले. “अगदी तेच करणार आहे. बाहेरचं दार आज तपासतो.”

त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या आत सोडल्या आणि चार तास तशाच ठेवल्या. साखर मोजून आत गेली होती. बाहेर आली तेव्हा किती उरली ते तपासलं, म्हणजे साखर पडद्यातून अंगात किती गेली ते कळलं. आणि अंगातलं विष उलट दिशेनं पाण्यात किती उतरलं, तेही वेगळं मोजलं. रविवारी दुपारी कागद हातात घेऊन ते आले.

“पडदा उत्तम आहे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन्ही बाजूंनी जाणं-येणं हवं तसंच आहे.” कमलबाईचा चेहरा उजळला. डॉक्टरांचा मात्र उतरलेलाच होता. “म्हणजे झुलाल, तुम्ही पाणी पिता आहात.”

“नही, साहेब.”

“कागद समोर आहे. माझ्याकडे ही एकच खाट आहे आणि तिघं रांगेत आहेत. त्यातली एक बाई दोन लेकरांची आई आहे. पुढच्या शनिवारी वजन असंच वाढलेलं दिसलं, तर मी नळी घालणार नाही. खाट तिला देईन. मला वाईट वाटेल, पण देईन.”

नळी घातली नाही तर काय, हे कमलबाईनं विचारलं नाही. आठ-दहा दिवसांत सगळं संपेल, हे तिला न विचारताच कळलं होतं.

सोमवारी एसटीनं दोघं पारोळ्याला परतली. घरी आल्या आल्या तिनं रांजण उपडा केला. प्यायचा माठ शेजारी सुनंदाबाईकडे नेऊन ठेवला, त्यावर खडूनं रेघ मारली. मोरीतली बादली, देवापुढचं तांब्याचं फुलपात्र, सगळं हलवलं. तिची थोरली नणंद झुंबरबाई, घरातल्या सगळ्यांची अक्का, उंबऱ्यात बसून हे बघत होती.

“घर शे का वाळवंट?” अक्का म्हणाली. “माणूस तहाननं मरी जाई आन तू रेघा मारत बस.”

“अक्का, तहानेनं कुणी मरत नाही, पाण्यानं मरतंय,” कमलबाई म्हणाली. झुलालशी आणि नणंदेशी बोलतानाही ती रागावली की पुस्तकी बोलू लागे.

सोमवार गेला, मंगळवार गेला. माठावरची रेघ हलली नाही. तीन पेल्यांच्या वर थेंब नाही. बुधवारी सकाळी झुलालनं फळीवर पाय ठेवला, वजन सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं.

“किती?”

“एकसष्ट दोनशे.”

दोन दिवसांत पावणेदोन किलो. कमलबाईच्या डोळ्यांपुढे ती खाट आली, आणि खाटेवर दुसरीच बाई. ओट्यावर चंपालाल शेठ होते, अक्का होती, चोपड्याहून केळीचा ट्रक घेऊन आलेला धाकटा दीर हिलालही नेमका तेव्हाच काखेत टरबूज घेऊन पायरी चढत होता. त्या सगळ्यांसमोर ती बोलून गेली.

“काटा खोटं बोलतो का? नाही ना? मग तुम्हीच बोलताय! कुठून पिता ते तरी सांगा. नळावर जाता? की मी पाठ फिरवली की मोरीत? माझं कुंकू आहे हो ते, तुमच्या एकट्याची तहान नाही!”

हिलाल पायरीवरच थांबला. “वहिनी, अशी नका बोलू दादाले.”

झुलालनं फळीवरून पाय काढला नाही. त्याच्या सुजल्या पापण्यांच्या फटीतून फक्त दोन रेषा दिसत होत्या.

“तेवीस वरीस मापाडी शे मी,” तो दर दोन शब्दांना श्वास घेत म्हणाला. “आन तू माले पाणीचोर म्हणस?”

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. दुपारी तिनं त्याचा ठरलेला पेला पुढे केला, तर तो त्यानं हातानं बाजूला सारला. संध्याकाळचाही. ओठांना भेगा पडल्या, जीभ टाळूला चिकटायला लागली, तरी नाही. कमलबाई रडली, विनवण्या केल्या, शेवटी म्हणाली, “पाणी नको तर नको, पण चार घास तरी खा.” तेवढं त्यानं ऐकलं.

गुरुवारी सकाळी तो भिंत धरत उठला आणि कुणाला काही न सांगता चंपालालच्या ओट्यावर जाऊन काट्याच्या फळीवरच मांडी घालून बसला.

“आबा, काय करताय?” शेठ धावले. “गिऱ्हाईक येईल हो! धान्य कुठं मोजू?”

“आज दुकानना काटा माले द्या, शेठ. दिसभर आठेच बसस.” मग त्यानं मान वळवली आणि चोवीस तासांनी बायकोशी पहिलं वाक्य बोलला. “बस समोर. तोंडमा जे जाई ते तुनाच हातनं. आन दर खेपले आकडा लिख.”

गल्लीभर बातमी झाली. चंपालाल शेठनी हातकाट्यावर गिऱ्हाइकं भागवली आणि झुलालच्या डोक्यावर पोत्याचं छप्पर बांधलं. बाहेर चव्वेचाळीस अंशांचा फुफाटा. फळीवर मापाडी, समोर वही घेऊन त्याची बायको. पोरीबाळी हसत जात, म्हातारे थांबून मान हलवत.

सकाळी आठ वाजता एकसष्ट चारशे. दहा वाजता एकसष्ट तीनशे. बारा वाजता एकसष्ट एकशे.

“उतरतंय!” कमलबाई ओरडलीच.

“घाम आन श्वास,” झुलाल डोळे मिटून पुटपुटला. “तिसरं दार. तठे कोन्ही बसत नही.”

साडेबाराला अक्कानं जेवण आणून दिलं. वाफवलेल्या डाळीच्या फुनक्यांवर झुलालचा फार जीव, पण डाळ बंद झाल्यापासून फुनके गेले आणि त्यांच्याबरोबरची कढी तेवढी राहिली. अळणी, पातळ, जिऱ्याची. कोरडा घास त्याला गिळवत नसे, म्हणून कमलबाई दोन वेळा मोठ्या वाटीत भाकरी कुस्करून ती बुडेपर्यंत कढी ओतायची. आजही ओतली. झुलाल हळूहळू जेवला. मग हिलालनं आणलेलं टरबूज तिनं कापलं. तापीच्या पात्रातलं, लालभडक. जीभ ओली राहावी म्हणून उन्हाळा लागल्यापासून रोज दुपारी ती त्याला टरबूज देत असे. ते खाताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता येई, तिच्यासाठी तिनं दहा टरबुजं डोक्यावरून वाहून आणली असती.

शेवटची फोड संपली. चंपालाल शेठ सहज दांडीकडे बघत होते. दांडी वर जाऊन टेकली होती.

“अहो,” ते म्हणाले, “हा तर चढला.”

झुलालनं वर हात नेऊन वजन सरकवलं. पुन्हा सरकवलं. “त्रेसष्ट एकशे.”

“असं कसं होईल?” कमलबाई उठून उभी राहिली. “सकाळपासून यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. सगळ्या गल्लीनं बघितलंय!”

“वहिनी,” चंपालाल शेठ हळूच म्हणाले, “टरबूज माझ्याच दुकानात ठेवलं होतं. मी सवयीनं तोललं होतं, सालीसकट सव्वादोन किलो. ते गेलं कुठं मग?”

कमलबाई सालींच्या ढिगाकडे बघत राहिली. मग रिकाम्या वाटीकडे. वाटीच्या तळाला कढीचे दोन थेंब. तिनं तीन महिने एकही घोट लपवला नव्हता. गोळी गिळायला दिलेलं चमचाभर पाणीसुद्धा वहीत होतं. पण कढी हे जेवण होतं आणि टरबूज हे फळ. जेवण आणि फळ कुणी पाण्यात लिहितं का? डॉक्टरांनी केळी नको म्हणून सांगितलं, शहाळं नको म्हणून सांगितलं. त्या फेब्रुवारीच्या दिवशी बाजारात टरबूज नव्हतंच, मग त्याचं नाव कोण घेणार?

“मीच,” ती म्हणाली. “माझ्याच हातानं.”

झुलालनं तिच्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी गुलाबी फेस आला. मग तो फळीवरच एका कुशीला कलला, आणि काट्याची दांडी खडखडत वरखाली झाली.

हिलालनं ट्रकमधली केळी तशीच ठेवून पुढच्या बाकावर त्याला बसतं धरलं. पारोळा ते धुळे सगळा रस्ता कमलबाईच्या मांडीवर वही होती आणि पदरात बांधलेली ती कढीची वाटी. का घेतली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलात खाटेवर नवी चादर अंथरली जात होती. ती दोन लेकरांची आई, बेबाबाई तिचं नाव, बाकावर भावाबरोबर बसली होती. शनिवारपर्यंत खाट रिकामी म्हणून तिला आजच घ्यायचं ठरलं होतं. कमलबाईनं तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि टाळता आलं नाही.

डॉक्टर निर्मलकुमार आले तेव्हा ती त्यांच्या पायांशी गेली नाही. उभ्यानंच म्हणाली, “साहेब, यांनी पाणी प्यायलेलं नाही. आतल्या दारावर मी बसले होते, आणि माझाच डोळा चुकला. लिहा.” आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पाडव्यापासून टरबूज, रोज दुपारी, एवढं. कढी दोन वेळा. अमावस्येला अक्कानं केलेली खीर. पाहुण्यांनी आणलेली द्राक्षं. ताकातला भात.

“कढी किती? वाटी लहान की मोठी?”

तिनं पदराची गाठ सोडली. डॉक्टरांनी वाटी बघितली, नर्सकडून मोजपात्र मागवलं आणि काठोकाठ पाणी भरून ओतलं. साडेतीनशे मिलिलिटर. दोन वेळा म्हणजे सातशे. डॉक्टरांनी तो आकडा स्वतःच वहीत लिहिला.

“यादी मी केली होती,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात काय खाल हे मी विचारायला हवं होतं.” मग बाकाकडे वळले. “बेबाबाई, तुम्हाला शनिवारपर्यंत दम धरवेल?”

बेबाबाईनं भावाकडे बघितलं, मग झुलालकडे. त्याच्या छातीतला आवाज सगळ्या व्हरांड्यात ऐकू येत होता. “धरसू,” ती म्हणाली. कमलबाईनं तिचा हात धरला. दुसऱ्याच्या लेकरांच्या आईचे दोन दिवस आपण उचलून घेतले, हे त्या हाताच्या सुजेवरून तिला कळत होतं.

नळी घातली. जास्त साखरेच्या बाटल्या टांगल्या, एका वेळी दोन. दर शनिवारी पहिली जोडी सुरू झाली की झुलाल यार्डातल्यासारखं “लाभ” म्हणायचा आणि नर्स हसायच्या. आज तो गप्प होता. डोळे मिटलेले, नाकाला प्राणवायूची नळी. बाटलीतून पहिला थेंब पडला आणि खोलीत कुणीच काही म्हणेना, तेव्हा कमलबाई म्हणाली, “लाभ.”

तिचा आवाज तिलाच परका वाटला. अर्ध्या तासानं पाणी बाहेर आलं. आत दोन हजार, बाहेर दोन हजार एकशे ऐंशी. तिनं दोन रकान्यांत लिहिलं. दोन. तीन. चार. आत वेगळं, बाहेर वेगळं. दर जोडीला ती मोठ्यानं आकडा म्हणे, आणि त्याच्या पापण्यांकडे बघे. पापण्या हलत नव्हत्या. रागावलाय की संपत चाललाय, हे तिला कळत नव्हतं. माफी मागायची तर ऐकणारा जागा हवा.

शुक्रवारी दुपारी ऊन खिडकीच्या गजांवरून खाटेवर आलं. बाहेर येणाऱ्या पाण्याचं माप वाढत होतं, पण छातीतला आवाज थांबला की तिचं पेन अजून थांबायचं. नर्सनं नवी जोडी टांगली. कमलबाईनं थकलेल्या आवाजात म्हटलं, “अठरा.”

“एकोणीस.”

ती दचकली. खाटेवरून आलेला आवाज खरखरीत होता, ओठ जेमतेम हललेले.

“जवय तू चहा पेवाले गई,” झुलाल डोळे न उघडता म्हणाला, “तवय एक जोडी उतरनी. तू लिखी नही.”

नर्सनं तक्ता बघितला आणि मान डोलावली. एकोणीसच.

कमलबाईनं अठरावर काट मारली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. चंपालालच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर जे बोलली होती ते शब्द एकेक करून परत घ्यायचे होते. पण झुलालनं भेगाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि नुसतं म्हटलं, “पानी.”

तिनं फेरीवर आलेल्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी एक बोट वर केलं. तिनं एक चमचा भरला, सांडू न देता त्याच्या ओठांशी नेला. त्यानं तो गिळला. मग डोळे उघडून त्यानं तिच्याकडे नाही, तिच्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं.

“लिख,” तो म्हणाला.